पोटदुखी-अपचनावर घरचे उपाय: काय, किती आणि कुणाला नको?

माजघर (प्रश्न)

स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला एक कागद तयार करायचा आहे. पोट बिघडलं की जो तो आपापला उपाय सांगतो. एक म्हणतो ओवा चाव, दुसरा म्हणतो सोडा घे, तिसरा थंड दूध पुढे करतो. एकाच दुखण्याला हे तिन्ही कसे चालतील? कागदावर 'थोडंसं', 'अंदाजाने' असं काही नको, चमच्याचं माप हवं.

विचारायचं ते असं. पोट फुगलं असताना ओवा आणि हिंग नेमका कसा द्यायचा? छातीत जळजळत असेल तर काय द्यायचं आणि काय टाळायचं? आल्याचं पाचक घरी केलं की गढूळ आणि दाट का होतं? घरात रक्तदाबाची गोळी चालू असलेले 72 वर्षांचे सासरे आहेत आणि 5 महिन्यांचं बाळ आहे, तर कुठला उपाय कुणासाठी बाद तेही सांगा. आणि कुठल्या दुखण्यात मिसळणाचा डबा उघडायचाच नाही?

पाटावरवंटा

कागदाची सुरुवात दुखण्यापासून करा, उपाय नंतर. 'पोट दुखतंय' म्हणणाऱ्याला आधी तीन गोष्टी विचारा: नेमकं कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखव, जेवून किती वेळ झाला, आणि ढेकर आला किंवा वारा सरला की बरं वाटतं का.

पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, कळ कधी इथे कधी तिथे, आणि वारा सरला की सुटका, हा गॅस. बरगड्यांमधल्या खळगीत किंवा छातीच्या हाडामागे जळतं, आंबट पाणी घशाशी येतं, वाकलं की वाढतं, हे आम्लपित्त. चार-पाच तास उलटले तरी जेवण पोटात तसंच बसलंय असं वाटतं आणि ढेकरेला त्याच जेवणाचा वास येतो, हे अजीर्ण. बेंबीभोवती पिळवटून येतं आणि लगेच संडासला पळावं लागतं, हा मुरडा. ओवा गॅसला आणि अजीर्णाला चांगला, पण आम्लपित्ताला तोच ओवा म्हणजे आगीत तेल. घरोघरी चूक होते ती इथेच. 'पोट' म्हटलं की सगळ्यांच्या हातावर ओवा ठेवला जातो.

ओव्याचं माप: मोठ्या माणसाला अर्धा छोटा चमचा, म्हणजे साधारण 1 ग्रॅम. त्यात पाव चमच्याहून कमी पादेलोण. तळहातावर अंगठ्याने चोळायचा, फोलपट फुंकून टाकायचं, मग सावकाश चावून वर अर्धा कप कोमट पाणी. चोळल्यावर वास नाकाला झोंबला पाहिजे. झोंबत नसेल तर तो ओवा थालीपीठात घाला, औषधाला नको. त्याचं काम थायमॉल या उडून जाणाऱ्या तेलावर चालतं, आणि झाकण सैल राहिलेल्या डब्यात ते टिकत नाही.

ओव्याचं पाणी करतानाही हेच तेल वाया घालवलं जातं. उघड्या भांड्यात पंधरा मिनिटं उकळलं की घरभर वास सुटतो आणि कपात तिखट पाणी उरतं. आधी 1 कप पाणी उकळा, गॅस बंद करा, मग 1 छोटा चमचा किंचित कुटलेला ओवा टाकून झाकण ठेवा. 10 मिनिटांनी झाकणाच्या आतल्या बाजूचं पाणीही कपात झटका, गाळा आणि कोमट प्या. दिवसातून दोनदा पुरे. मूठभर ओवा खाल्ल्याने गॅस लवकर सुटत नाही, जीभ आणि अन्ननलिका मात्र पोळते.

हिंग: किराणा दुकानातला पिवळा हिंग म्हणजे बांधणी हिंग. त्यात डिंक आणि पीठ असतं, बहुतेक वेळा मैदा किंवा तांदळाचं. गहू चालत नसलेल्या माणसासाठी डबीवरचे घटक वाचूनच घ्या. खडा हिंग तीव्र असतो, मुगाच्या दाण्याएवढा एका माणसाला पुष्कळ. बांधणी हिंग असेल तर चमच्याचा आठवा भाग. कच्चा हिंग पाण्यातून दिला तर घसा खवखवतो आणि काहींना उमळतं. म्हणून अर्धा चमचा तूप मंद आचेवर वितळवा, हिंग टाका, तो फुलला की लगेच उतरवा (काळा पडला तर कडू होतो, टाकून द्या). मग ते तूप मऊ भाताच्या पहिल्या दोन घासांना लावून द्या. हिंगाष्टक चूर्ण घ्यायची रीतही अशीच आहे: जेवणाच्या पहिल्या घासाला, तुपात कालवून. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, जिरं, शहाजिरं, सैंधव आणि हिंग असं ते चूर्ण असतं. तीन तिखट एकत्र आल्यामुळे जळजळवाल्याला ते देऊ नका.

औषध घ्यायचं नसेल तर पोटावरून हात फिरवा. आतडं चालतं त्या दिशेने, उजवीकडून वर, मग आडवा, मग डावीकडून खाली. जोडीला शेक: रुमाल गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी 15 मिनिटं. पाठीवर झोपून एकेक गुडघा पोटाशी धरला की अडकलेला वारा बऱ्याचदा तेवढ्यानेच सरतो.

कोकमसार

वरचा प्रतिसाद नेमका आहे. मी फक्त जळजळीचं लिहितो, कारण तिथे मराठी शब्दच माणसाला फसवतो. 'पित्त झालंय' याचे आपल्याकडे तीन अर्थ होतात: छातीतली जळजळ, उलटीत पडणारं कडू पिवळं पाणी, आणि अंगावर उठणाऱ्या गांधी. आमसुलाचं पाणी अंगाला चोळतात ते तिसऱ्यासाठी. तेच ऐकून पहिल्या पित्तावर कुणी कोकमाचं आंबट सरबत पितं, आणि जळजळ वाढते. आमसुलाचं सार जेवणात छान आहे, पण घशाशी आंबट येत असताना नको. लिंबूपाण्याचंही तेच.

थंड दुधाने बरं वाटतं हे खरं, कारण दूध आम्ल तात्पुरतं झेलतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. तास-दीड तासात जळजळ परत येते, मग दुसरा पेला. द्यायचंच तर अर्धा कप, बिनसाखरेचं, साय काढलेलं, एकदाच. रात्री झोपताना पेलाभर दूध ही सवय जळजळवाल्याने मोडावी.

पुदिना सगळ्या पोटदुखीवर चालतो असं समजतात. पेटक्याला तो बरा, पण जठराच्या तोंडाशी असलेली स्नायूंची कडी त्याने सैल पडते आणि आम्ल वर यायला वाट मिळते. म्हणून जळजळीला पुदिना नको. त्यापेक्षा जेवणानंतर 1 छोटा चमचा बडीशेप चावा, तिखट-तेलकट बंद ठेवा, आणि जेवण ते झोप यांत 3 तास जाऊ द्या. झोपताना डाव्या कुशीवर. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवली तर रात्रीच्या त्रासात मोठा फरक पडतो. दोन उशा लावून ते साधत नाही, कारण उशांनी मान मोडते आणि पोट दाबलं जातं.

खायचा सोडा: पाव छोटा चमचा, पूर्ण पेला पाण्यात नीट विरघळवून, घोट घोट. पोट तुडुंब भरलेलं असताना कधीच नाही, कारण आम्लाशी गाठ पडताच त्यातून वायू सुटतो आणि आधीच ताणलेलं जठर आणखी ताणलं जातं. तुमच्या सासऱ्यांना सोडाही नको आणि फ्रूट सॉल्टही नको. अर्ध्या चमचा सोड्यात 600 मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या 2000 मिलिग्रॅम मर्यादेच्या जवळजवळ तिसरा हिस्सा एका घोटात. 'सैंधव चालतं, पादेलोण चालतं' हाही गैरसमज आहे. दोन्ही मुख्यतः मीठच. त्यांना ओवा द्यायचा तर बिनमिठाचा द्या. ज्येष्ठमधही रोज नको, त्याने रक्तदाब चढतो.

अंगदुखी-गुडघेदुखीची गोळी रिकाम्या पोटी घेतली जात असेल तर जळजळीचं मूळ तिथेही असू शकतं. त्या पाकिटाचं नाव डॉक्टरांना दाखवा. मुळावर घाव घालायचा सोडून वर ओवा-बडीशेप देत बसू नका.

माजघर

दोघांचे मनापासून आभार. बिनमिठाचा ओवा हे लगेच लिहून घेतलं. पाचकाचं आणि बाळाचं राहिलं. आणि एक जोडप्रश्न: चण्याची उसळ, पावटे, पुरण यांचा गॅस मुळातच कमी करता येतो का?

रगडा_आणि_रवी

येतो, आणि ते काम आदल्या रात्री करायचं असतं. कडधान्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नाही, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जिवाणू त्यांचा वायू करतात. या साखरा पाण्यात उतरतात. हरभरे, छोले, राजमा 10-12 तास चौपट पाण्यात भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि ताज्या पाण्यात शिजवा. भिजवलेल्याच पाण्यात 'सत्त्व जाऊ नये' म्हणून शिजवलं की भिजवण्याचा निम्मा फायदा गेला. वाल-मटकीला मोड आणले की आणखी फरक पडतो, कारण उगवताना दाणा या साखरा स्वतःच वापरतो. वालाची डाळिंबी सोलून केली की सालाचा चोथाही जातो. राजमा दाताखाली कचकचता कामा नये. अर्धवट शिजलेल्या राजम्यात उलट्या-जुलाब करणारं द्रव्य असतं, मंद आचेच्या भांड्यात ते नीट मरत नाही. कुकरच लावा.

पुरणाच्या डाळीलाही 2 तास भिजवून पाणी बदलणं पुरतं. पुरणात सुंठ आणि जायफळ पडतं ते वासापुरतं नाही. पण पोळीवर तूप, बरोबर भजी, वर कटाची आमटी, असं ताट झालं की डाळीपेक्षा तुपा-तेलाने जठर रिकामं व्हायला उशीर होतो. उपवासाचंही तसंच. साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट आणि तूप एकत्र, 'एकादशी अन् दुप्पट खाशी'. त्या दिवशी गॅसला बोल लावू नका, ते अजीर्ण असतं. त्याला उपाय लंघनाचा: पुढचं जेवण टाळून कोमट पाणी आणि रात्री मऊ भात-ताक. ताक त्याच दिवशीच्या दह्याचं, लोणी काढलेलं, 1 पेल्याला पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. आंबलेलं ताक जळजळीला वाईट.

आता पाचक. ते दाट होतं आल्यातल्या पिठूळ साक्यामुळे. 250 ग्रॅम आलं धुऊन साल खरवडा, बारीक किसा, पाव वाटी पाणी घालून फडक्यातून घट्ट पिळा. रस काचेच्या उभ्या पेल्यात काढा आणि 1 तास अजिबात हलवू नका. तळाला पांढरा, बोटाला चिकटणारा थर बसलेला दिसेल, खडूचं पीठ कालवल्यासारखा. वरचा पिवळसर रस हळूच दुसऱ्या भांड्यात ओता, थर हलला की थांबा. हा साका राहिला आणि तुम्ही रस तापवला, तर त्याची खळ होते. तीच तुमची दाटी.

प्रमाण: निवळ रस 1 वाटी, लिंबाचा रस 1 वाटी, साखर 2 वाट्या, सैंधव 2 छोटे चमचे, जिरेपूड 1 छोटा चमचा. तापवायचं नाही, साखर विरघळेपर्यंत लाकडी चमच्याने ढवळायचं. तांब्या-पितळेचं किंवा अॅल्युमिनियमचं भांडं नको, आंबटाने ते उतरतं. उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये 15 दिवस. आलं कोवळं असेल तर लिंबू पडताच रंग गुलाबीसर होतो, ते खराब झालेलं नसतं. बुडबुडे आणि दारूसारखा वास आला तर मात्र फेका. जेवणाआधी 15 मिनिटं, 2 छोटे चमचे अर्ध्या कप पाण्यात. आल्याने जठर लवकर रिकामं होतं असं छोट्या चाचण्यांत दिसलं आहे, म्हणून हे 'जेवण बसलंय' वाल्यासाठी उत्तम. मधुमेहींना हे साखरेचं पाचक नको. त्यांना आल्याच्या दोन पातळ चकत्या लिंबू पिळून द्या, सासऱ्यांनाही त्याच, मिठाशिवाय. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आलं-हिंग औषध म्हणून रोज देण्याआधी डॉक्टरांना विचारा. भाजी-आमटीतलं चालतं.

सहाण

बाळाचं मी लिहिते, आणि हात जोडून लिहिते, कारण इथे प्रेमाने केलेल्या गोष्टींनीच इजा होते.

6 महिन्यांपर्यंत बाळाच्या तोंडात दुधाशिवाय काही नाही. ओव्याचं पाणी नाही, बडीशेपेचं नाही, ग्राइप वॉटर नाही. मध तर पूर्ण 1 वर्ष होईपर्यंत नाही, बोटावर चाटवण्यापुरताही नाही. मधात बॉट्युलिझमच्या (अंग लुळं पाडणाऱ्या विषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि तान्ह्याचं आतडं त्यांना अडवू शकत नाही.

घुटीबद्दल कुणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्या देतात. अडचण मापाची आहे. जायफळाचे वेढे दोन की चार हे सहाण किती खरखरीत आणि हात किती जड यावर ठरतं. जायफळ जास्त झालं की बाळ सुस्त पडतं आणि घरात वाटतं 'शांत झोपलं'. वेखंडही निरुपद्रवी नाही. त्यात न उकळलेलं पाणी आणि ओलसर राहिलेली सहाण आली की जुलाबाला आमंत्रणच.

मग करायचं काय? दूध पाजून झालं की खांद्यावर उभं धरून 10 मिनिटं ढेकर काढा. पाजताना मधेही एकदा काढा. पाय धरून सायकलसारखे चालवा. पोटावर कोमट हात डावीकडून-उजवीकडून न घासता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. बेंबीभोवती हिंग लावतात, त्यात आराम बहुतेक कोमट हाताचा आणि चोळण्याचा असतो. हिंगाने कातडी लाल होऊ शकते, म्हणून साधं खोबरेल पुरे. आणि शेकाची पिशवी बाळाला नको.

बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळतंय, मधे मलूल पडतंय, उलटी हिरवी आहे किंवा शीला लाल चिकट आव आहे, तर ती पोटशूळ समजून घरी थांबू नका. आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. तिथे तास मोजायचे असतात.

घरातल्या मोठ्यांच्या मुरड्याबद्दलही एक. जुलाब लागले की थांबवायच्या गोळीपेक्षा पाणी महत्त्वाचं. जलसंजीवनीची पुडी मिळाली तर तीच, आणि पुडीवर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात: मोठी 1 लिटरला, छोटी 200 मिलिलिटरला. 1 लिटरची पुडी पेल्या-पेल्याने 'थोडी थोडी' टाकली की मिठाचा अंदाज चुकतो. पुडी नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 6 सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून पुन्हा करा. 24 तासांनी उरलेलं टाका. हे साधं साखर-मिठाचं पाणी किती मोलाचं आहे हे 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या (कॉलऱ्याच्या) साथीत दाखवून दिलं. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आल्यावर त्यांनी हेच तोंडाने पाजायला लावलं आणि हजारो जीव वाचले.

उलटी झाली तर 10 मिनिटं थांबून चमचा-चमचा, दर दोन मिनिटांनी. खायला पेज: 1 वाटी तांदळाच्या कण्या, 8 वाट्या पाणी, मोडेपर्यंत शिजवून. उकड्या तांदळाची तर फारच छान. किंवा साळीच्या लाह्या 1 वाटी, 4 वाट्या उकळत्या पाण्यात झाकून तासभर ठेवून गाळलेलं पाणी. दूध, केक, शीतपेयं बंद. बाळाचं अंगावरचं दूध मात्र जुलाबातही चालूच ठेवायचं.

कोकमसार

कागदाच्या शेवटच्या भागासाठी, डबा न उघडण्याची दुखणी.

बेंबीशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकणारं, खोकलं की टोचणारं, अन्नाची वासना गेलेली आणि बारीक ताप: अपेंडिक्स असू शकतं. शेक नाही, जुलाबाचं औषध नाही आणि एरंडेल तर मुळीच नाही. त्याने सुजलेलं अपेंडिक्स फुटायचा धोका वाढतो. डॉक्टरांकडे जाताना खायला-प्यायलाही देऊ नका.

वरच्या पोटात किंवा छातीत दडपण, सोबत थंड घाम, धाप, जबडा किंवा हात भरून येणं: ते 'गॅस' म्हणून ओव्यावर काढू नका, विशेषतः सासऱ्यांच्या वयात आणि रक्तदाब असताना. हृदयविकाराचा झटका असा अपचनासारखा येतो. 108 वर फोन करा.

डांबरासारखी काळी चिकट शी, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही. लाकडासारखं घट्ट झालेलं पोट. पाठीत आरपार जाणारी आणि पुढे वाकलं की जरा कमी होणारी कळ. गरोदरपणात किंवा पाळी चुकली असताना ओटीपोटात एका बाजूला दुखणं. शी आणि वारा दोन्ही बंद होऊन उलट्या. या सगळ्यांत घरचा उपाय म्हणजे वेळ घालवणं.

वजन आपोआप घटतंय, गिळताना अडकतंय किंवा जळजळ दोन-तीन आठवडे हटत नाही, तर घाई नाही पण तपासणी हवी. अल्सरमागे बऱ्याचदा हेलिकोबॅक्टर नावाचा जिवाणू असतो. तो औषधाने जातो, बडीशेपेने जात नाही.

पाटावरवंटा

सहाणताई, जायफळाचं नेमकं लिहिलंत. माझ्या प्रतिसादातल्या ओव्या-हिंगाच्या पुढे 'फक्त मोठ्यांसाठी' हे जोडून घ्यावं. गरोदर बाईलाही फोडणीपुरताच हिंग-ओवा, औषधाच्या मापाने नाही.

इसबगोल राहिला. कोठा साफ नसल्यामुळे पोट दुखत असेल तर 1 मोठा चमचा इसबगोल पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचा, फुगायच्या आत, आणि वर आणखी एक पेला पाणी. कोरडा तोंडात टाकला किंवा कमी पाण्यात घेतला तर घशात नाहीतर आतड्यात गोळा बसतो. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत 2 तास जाऊ द्या, नाहीतर रक्तदाबाची गोळी नीट शोषली जात नाही.

माजघर

कागद लिहायला घेतला. एकच शंका: छोटा चमचा म्हणजे नेमका कुठला? आमच्याकडे चहाचे तीन आकाराचे चमचे आहेत.

सहाण

5 मिलिलिटरचा. खोकल्याच्या औषधासोबत मापाचं टोपण येतं, त्यात 5 ची रेघ असते. त्या रेघेपर्यंत पाणी भरून तुमच्या तिन्ही चमच्यांत ओतून पाहा. जो काठोकाठ भरेल आणि सांडणार नाही तो मिसळणाच्या डब्यात ठेवा, आणि साखर-मीठ मोजताना वरचा ढीग सुरीच्या पाठीने सपाट करा. मिठाच्या अर्ध्या चमच्याला अंदाज नको. सपाट केलेल्या चमच्यातलं सुरीने मधोमध कापून निम्मं बाजूला काढा.